उशिराचा रकाना

होळी जळाली, थंडी पळाली, असं आमच्या लहानपणी घराघरांत म्हणत. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी आई सगळ्या रजया गच्चीवर उन्हात टाकायची, संध्याकाळी त्यांत डांबराच्या गोळ्या घालून त्यांची गाठोडी बांधायची आणि ती माळ्यावर जायची. त्यानंतर कितीही गारठा पडला तरी रजई खाली येत नसे. "होळी झाली ना? मग आता कसली थंडी?" हा तिचा बिनतोड युक्तिवाद. आम्ही भावंडं एका चादरीत मुटकुळं करून झोपायचो आणि पहाटे ती चादर कोणाच्या बाजूला जास्त गेली यावरून भांडायचो.

दर काही वर्षांनी एखादं वर्ष असं येतं की थंडीला हा नियम ठाऊकच नसतो. फेब्रुवारी सरत आला तरी पहाटे हात चोळावे लागतात. महाशिवरात्र होते, होळीचा मुहूर्त जवळ येतो, तरी पंख्याचं बटण कोणी दाबत नाही. मी निवृत्त होऊन पुण्यात राहायला आलो, तेव्हापासून अशा वर्षांत आमच्या सकाळच्या कट्ट्यावरचा आनंद पाहतो आहे. "काय झकास हवा पडलीय!" हे वाक्य रोज किमान चार जण म्हणतात. स्वेटरांना आणखी पंधरा दिवस मिळाले, विजेचं बिल कमी आलं, दुपारचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. मलाही वाटतं. थंडी कोणाला नकोशी असते? पण त्या आनंदात मी मनापासून सामील होऊ शकत नाही. त्याला कारण आहे, आणि ते माझ्या जुन्या नोकरीत आहे.

मी बँकेत होतो. आयुष्याची पस्तीस-छत्तीस वर्षं त्यात गेली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री आणि सुट्टीच्या दिवशी. त्यातली काही वर्षं सिंधुदुर्गातल्या एका शाखेत शेतीकर्जाचं काम पाहिलं. आंबा बागायतदारांना औषधफवारणीसाठी, राखणीसाठी, काढणीसाठी कर्ज द्यायचं आणि ते वसूल करायचं. देताना बागेत जायचं, वसूल करतानाही बागेतच जायचं. त्यामुळे हापूसच्या झाडाचं वेळापत्रक मला पाठ झालं, आणि बँकेचं तर होतंच. या दोन वेळापत्रकांचं एकमेकांशी काही नातं नाही, हे कळायला मात्र वेळ लागला.

झाडाचं वेळापत्रक थोडक्यात असं. पाऊस गेला की ऑक्टोबरात पालवी येते, ती जून होते. नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री गार होऊ लागल्या की मोहोर फुटतो. म्हणजे थंडी आंब्याची शत्रू नव्हे, थंडीशिवाय मोहोर नाही. त्या मोहोराची कणी धरते, कणीचा वाटाणा, वाटाण्याची सुपारी, असं करत सुमारे चार महिन्यांत फळ तयार होतं. मार्चमध्ये पहिल्या पेट्या वाशीच्या बाजाराला निघतात, एप्रिलमध्ये भर येतो, अक्षय तृतीयेला आपल्या ताटात रस पडतो, मेअखेर शेवटची फळं कॅनिंगला जातात आणि मृगाच्या आत बाग मोकळी होते. हे झालं शहाण्या वर्षाचं.

थंडी रेंगाळली की काय होतं? एक तर कडाक्याच्या गारठ्यात उमलणाऱ्या मोहोरात नर फुलं जास्त आणि फळ धरू शकणारी संयुक्त फुलं कमी निघतात. माश्या-कीटक थंडीने सुस्तावलेले असतात, परागीभवन नीट होत नाही. झाड मोहोराने पांढरं दिसतं, जाणारा-येणारा "वा!" म्हणतो आणि बागायतदार गप्प असतो. पण खरा घात याच्या पुढे आहे. झाडावर आधीच्या मोहोराची वाटाण्याएवढी, सुपारीएवढी फळं धरलेली असतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत थंडी पुन्हा जोर धरते. झाडाला वाटतं, हंगाम आता सुरू होतो आहे. त्याच फांद्यांना नवा मोहोर फुटतो. याला पुनर्मोहोर म्हणतात. झाड आपलं सगळं अन्न या नव्या पाहुण्याकडे वळवतं आणि पोसलं न गेल्यामुळे आधीची फळं टपटप गळतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने यावर जिबरेलिक ॲसिडची फवारणी सुचवलेली आहे आणि ती वेळेवर साधली तर उपयोगही होतो. पण ती वेळ म्हणजे थंडी परतण्याआधीची, आणि थंडी परतणार हे सांगणार कोण?

म्हणजे मार्चचा आंबा गेला. मागून आलेल्या मोहोराचा आंबा मेमध्ये येईल, आला तर.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. असंच एक रेंगाळलेलं वर्ष होतं. मार्चचा दुसरा आठवडा. बँकेत मार्च म्हणजे काय असतं, ते बँकवाल्यांच्या बायका-मुलांना विचारा. रात्री दहा-अकरापर्यंत शाखेत दिवे, वरच्या कार्यालयाचे दिवसाला तीन फोन, वसुलीचा आकडा किती, किती, किती. त्या धामधुमीत आमचे एक जुने खातेदार आले. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणायचो. सत्तरेक कलमांची बाग, व्यवहाराला अतिशय चोख माणूस. खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "मोहोर परत इलो. आदली कणी गळली. आता आंबो मे म्हयन्यात."

त्यांना दोन महिने हवे होते. कर्ज बुडवायचं नव्हतं, माफ करून नको होतं, व्याजही द्यायला तयार होते. फक्त ३१ मार्चऐवजी ३१ मे.

मी नियम चाळले. मुदत वाढवायची तर सरकारने नैसर्गिक आपत्ती जाहीर केलेली हवी. आपत्ती जाहीर व्हायची तर पीक बुडालेलं हवं, पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली गेलेली हवी. अण्णांचं पीक बुडालं नव्हतं, ते उशिरा येणार होतं. आमच्या छापील तक्त्यात अतिवृष्टी होती, दुष्काळ होता, गारपीट, वादळ, आग, कीड होती. उशीर नव्हता. मी त्यांना हेच समजावून सांगितलं, शक्य तितक्या मृदू आवाजात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उठताना एवढंच म्हणाले, "सायबानू, झाडाक तुमचो मार्च खंय कळता?"

३० मार्चला त्यांनी सगळी रक्कम व्याजासकट भरली. कशी, ते मला नंतर कळलं. झाडावरचा मोहोर, म्हणजे अजून फळही न धरलेला माल, त्यांनी एका व्यापाऱ्याला उक्ता देऊन टाकला होता. मेमध्ये त्या कलमांना बऱ्यापैकी आंबा आला. तो व्यापाऱ्याचा होता. अण्णा स्वतःच्या बागेत त्या वर्षी राखणदारासारखे फिरले.

आमच्या शाखेची वसुली त्या वर्षी उत्तम झाली. कौतुकाचं पत्र आलं, ते मी काही दिवस काचेखाली लावूनही ठेवलं होतं. अण्णांच्या खात्यापुढे वसुली शंभर टक्के. पुढच्या वर्षी ते कर्ज मागायला आले नाहीत, त्यापुढच्याही नाहीत. व्यापाऱ्याकडूनच उचल घेऊ लागले, असं ऐकलं. चोख खातेदार बँकेने गमावला याची नोंद कुठल्या रकान्यात करतात, ते मला अजून माहीत नाही.

हे सगळं मला आज का आठवावं? कारण उशिराकडे पाहण्याची आपली दृष्टी तेव्हा होती तशीच आहे, आणि ऋतू मात्र तेव्हापेक्षा जास्त बेभरवशाचे झाले आहेत.

थोडं हवामानाकडे वळतो. मी शास्त्रज्ञ नाही, पण पुण्यात राहणाऱ्या माणसाला हा विषय अगदीच परका नसावा. शिवाजीनगरच्या चौकाला आपण 'सिमला ऑफिस' म्हणतो. रिक्षावालाही म्हणतो, बसचा कंडक्टरही म्हणतो. पुण्यात सिमला कुठून आलं, हे नव्या पिढीला ठाऊक नसतं. हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, पुढे १९४४ मध्ये ते दिल्लीला गेलं, पण नाव घड्याळाच्या मनोऱ्यासकट इथेच राहिलं. या खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. १८७७ च्या सुमाराचा भीषण दुष्काळ देशाने नुकताच सोसला होता. पाऊस कसा येईल याचा अंदाज आधी बांधता येईल का, असा प्रश्न सरकारने त्यांच्यापुढे टाकला. ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाकडे बोट दाखवलं. हिवाळ्यात आणि वसंतात तिथे बर्फ जास्त पडलं, उशिरापर्यंत टिकलं, तर पुढचा पावसाळा कोरडा जाण्याची शक्यता वाढते, असं त्यांनी १८८४ मध्ये मांडलं, आणि १८८६ पासून त्या आधारावर मान्सूनचे अंदाज रीतसर निघू लागले. पुढच्या काळात हे नातं ब्लॅनफर्डना वाटलं तितकं पक्कं नाही, हेही दिसून आलं. तरी रेंगाळलेल्या हिवाळ्याचं देणं उन्हाळ्याला आणि पावसाला फेडावं लागतं, ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे.

आपल्या महाराष्ट्राची थंडी तशी पाहुणीच. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले पश्चिमी प्रक्षोभ इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला धडकतात, तिथे बर्फ पाडतात, आणि ते पुढे सरकले की त्यांच्या मागून कोरडे गार वारे खाली उतरतात. फेब्रुवारीत ही ये-जा मंदावायला लागते. ज्या वर्षी ती मंदावत नाही, त्या वर्षी आपली रजई माळ्यावर जात नाही. २००८ आणि २०१२ या दोन्ही वर्षी फेब्रुवारीत मुंबईचा पारा दहा अंशांच्या खाली गेला होता. मुंबईकरांनी हौसेने शाली काढल्या. त्याच दिवसांत नाशिक-निफाडकडे द्राक्षबागायतदार पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवून बसतात. द्राक्ष भरण्याच्या वेळी पारा असा उतरला तर मणी फुगत नाहीत, तडकतात. आणि वर अजून थंड असलेली हवा व खाली समुद्रावरून आलेला दमट वारा यांची गाठ पडली तर काय होतं, ते मराठवाडा-विदर्भाने २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चमध्ये पाहिलं. दिवसामागून दिवस गारा पडल्या. काढणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी झोपली, डाळिंब-संत्र्याच्या बागा झोडपल्या गेल्या.

गव्हाचं नाव निघालं म्हणून सांगायला हवं की, लांबलेली थंडी सगळ्यांच्याच मुळावर येत नाही. दाणे भरताना गारवा टिकला तर गहू खूष असतो. २०२२ चा मार्च देशात एकशे एकवीस वर्षांतला सर्वांत तापलेला निघाला, गव्हाचा दाणा बारीक राहिला आणि मे महिन्यात सरकारला निर्यात थांबवावी लागली. म्हणजे निफाडचा एक शेतकरी थंडी जावी म्हणून देव पाण्यात घालतो, तेव्हा त्याचाच बांधाशेजारी ती राहावी म्हणून. असो.

आता वळीव. चैत्र-वैशाखात जमीन तापावी, दुपारी ढगांचे डोंगर उभे राहावेत, वारा सुटावा, विजा कडाडाव्यात आणि तासाभरात धो धो कोसळून आभाळ पुन्हा निवळावं. देशावर या पावसाची माणसं वाट पाहतात. नांगरलेल्या रानातली ढेकळं त्याने विरघळतात, विहिरीला नाही तरी जिवाला आधार येतो. पण या पावसाला तापलेली जमीन लागते. उन्हाळाच मागे सरकला तर वळीवही मागे सरकतो, कधी सरळ मृगाच्या पावसात मिसळून जातो, आणि शेतकऱ्याचे मशागतीचे पंधरा दिवस खाऊन टाकतो.

कोकणात उलटी गत. तिथे वळीव म्हणजे धडकी. फळ झाडावर असताना वाऱ्याचा एक झपाटा आणि दोन सरी आल्या की खाली सडा पडतो, आणि जे झाडावर राहतं त्याला फळमाशी लागते. शहाण्या वर्षी वळवाच्या आत बराच आंबा उतरलेला असतो. उशिराच्या वर्षी तो नेमका तेव्हा झाडावर असतो. शिवाय मार्चमध्ये येणाऱ्या थोड्या पेट्यांना जो भाव मिळतो तो मेमध्ये कुठला? तोवर कर्नाटकचा आंबा आलेला असतो, गुजरातचा केसर आलेला असतो. आपण घरी "यंदा आंबा उशिरा आला पण स्वस्त झाला हो," असं म्हणत रस वाढून घेतो. तो स्वस्त का झाला, हे विचारत नाही. मीही अनेक वर्षं विचारलं नव्हतं.

आणि पाऊस? तो झाडाच्या उशिरासाठी थांबत नाही. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जून. इतक्या लवकर तो नोंदींत कधी आलेला नव्हता. त्याआधीही मे महिनाभर सरींनी कोकणाला धुऊन काढलं होतं. त्या वर्षीचा फेब्रुवारी थंड नव्हता, उलट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता, तेव्हा सगळा दोष थंडीच्या माथी मारू नये. मुद्दा एवढाच की ज्याचा आंबा काही ना काही कारणाने मागे पडला, त्याला मागून पुढे आलेल्या पावसाने गाठलं. पूर्वी अशा माणसाला निदान जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा अवकाश असायचा.

माझं म्हणणं असं आहे की शेतीच्या कर्जाची तारीख पिकाच्या काढणीशी बांधली पाहिजे, आणि काढणी मागे गेली तर तारीखही मागे गेली पाहिजे. अर्ज-विनंत्या न करता, आपत्तीच्या घोषणेची वाट न पाहता. नियम अगदी बदलले नाहीत असं नाही. थकबाकी ठरवताना पिकाचा हंगाम पाहायचा, हे रिझर्व्ह बँकेने मान्य केलं आहे. कर्जाच्या पुनर्गठनासाठी नुकसानीचा उंबरठा २०१५ मध्ये पन्नास टक्क्यांवरून तेहतीस टक्क्यांवर आला. हवामानावर आधारित फळपीक विमा आला, महसूल मंडळात हवामान केंद्रं बसली, कमी तापमान हा भरपाईचा निकषही झाला. ही सगळी प्रगतीच. पण तेहतीस टक्के काय किंवा पन्नास काय, ते नुकसानीचं माप आहे. विम्यालाही तारखांच्या चौकटी आहेत: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत पारा इतक्या खाली इतके दिवस राहिला तर. चौकटीबाहेरचा गारठा मोजला जात नाही. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात तीन टक्क्यांची सवलत मिळते, ती दोन महिन्यांच्या उशिराने हातची जाते. पीक आलं, पैसे आले, माणूस प्रामाणिक, तरी तो वेळेवर फेडणाऱ्यांच्या यादीतून बाद.

माझे जुने सहकारी यावर काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, कारण मीही तेच म्हणत असे. "अहो, एकदा का उशिराची सवलत दिली की सगळ्यांचाच मोहोर उशिरा येईल!" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सवलतीचा गैरफायदा घेणारे मी पाहिले आहेत, त्यांच्या मागे मोटारसायकलवरून उन्हातान्हात फिरलो आहे. पण मोहोर काही कपाटात लपवून ठेवायची वस्तू नाही. तालुक्यातल्या बागांत कणी कधी धरली, हे कृषी सहायकाला दिसतं, तलाठ्याला दिसतं, रस्त्याने जाणाऱ्या एसटीतल्या प्रवाशालाही दिसतं. फेब्रुवारीअखेर पाहणी करून मंडळागणिक एक तारीख ठरवता येईल आणि ती सगळ्या बँकांना लागू करता येईल. एकेकट्या बागायतदाराला टोपी गुडघ्यावर ठेवून साहेबासमोर बसावं लागणार नाही, आणि साहेबालाही नियम चाळत आवाज मृदू करावा लागणार नाही.

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. बाग आता त्यांचा मुलगा पाहतो. त्याची-माझी ओळख नंतर झाली, एका साहित्यविषयक कार्यक्रमात, तीही त्याने येऊन करून दिली म्हणून. त्या मार्चबद्दल तो काही बोलला नाही, मीही काढलं नाही. मोहोराबद्दल मात्र खूप बोललो. अधूनमधून फोन होतो. सकाळी पेपर आला की मी अजूनही आधी हवामानाची चौकट उघडतो. पुण्याचा आकडा वाचतो तो कट्ट्यावर बोलायला. मग रत्नागिरीचा शोधतो, आणि तो फेब्रुवारी उलटल्यावरही खाली-खालीच दिसला, तर त्या दिवशी कोणी "काय झकास हवा पडलीय!" म्हणालं की मी मान डोलावतो आणि विषय बदलतो.